शाळेची नोकरी घ्या, पण डिस्लेक्सियाच्या रिपोर्टवर सही करू नका

प्रश्न : मी २४ वर्षांची आहे, डोंबिवलीला राहते. यंदा समुपदेशन मानसशास्त्रात एम.ए. पूर्ण झालं. चेंबूर-गोवंडी भागातल्या एका संस्थेच्या शाळेतून 'शालेय मानसशास्त्रज्ञ' या पदासाठी विचारणा झाली आहे. राज्य मंडळाची शाळा, मराठी आणि इंग्रजी अशी दोन माध्यमं, सकाळ-दुपार दोन सत्रं, पहिली ते दहावी मिळून १६०० मुलं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "आठवड्याला मूल्यशिक्षणाचे १२ तास घ्या, कुणी शिक्षक रजेवर असेल तर प्रॉक्सी करा, उरलेल्या वेळात मुलांना बघा. डिस्लेक्सियाचे (वाचन-लेखनातल्या अक्षमतेचे) रिपोर्टही तुम्हीच द्या, म्हणजे पालकांना हॉस्पिटलचे हेलपाटे नकोत." बाबांचं म्हणणं, शाळेत मानसशास्त्रज्ञाला पुढे वाव नाही, त्यापेक्षा क्लिनिकल सायकॉलॉजीच्या प्रवेशाची तयारी कर. मला मुलांसोबत काम करायचंच आहे. पुढच्या आठवड्यात उत्तर द्यायचं आहे. काय करू?

उत्तर : नोकरी घ्या. मुख्याध्यापिकांनी सांगितलेल्या गोष्टींपैकी मूल्यशिक्षणाचे तास निम्मे करून घ्या, प्रॉक्सीला मर्यादा घाला आणि रिपोर्टला स्वच्छ नकार द्या. तो नकार आत्ताच द्यायला हवा, म्हणून त्यापासून सुरुवात करतो.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे निदान आणि उपचार करणारा मानसशास्त्रज्ञ, म्हणून काम करायला भारतीय पुनर्वसन परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते. १९९२ च्या आरसीआय कायद्याने ते बंधन घातलं आहे. समुपदेशनातलं एम.ए. ही नोंदणी देत नाही. या पदवीवर तुम्ही चाळणी (स्क्रीनिंग, म्हणजे अडचणीचा प्राथमिक अंदाज) करू शकता, निरीक्षण लिहू शकता, मुलाबरोबर आणि पालकांबरोबर बैठका घेऊ शकता, गटात काम करू शकता. निदान आणि प्रमाणपत्र हे तुमच्या कक्षेबाहेर आहे. तुमच्या सहीचा रिपोर्ट मंडळात चालणार नाही आणि हे पालकांना कळेल दहावीच्या वर्षी. तोवर मुलाच्या हातातली दोन वर्षं गेलेली असतात. जादा वेळ, लेखनिक, विषयांतली सवलत यांपैकी काहीच पदरात पडत नाही. खासगी क्लिनिकचे महागडे रिपोर्ट घेऊन आलेल्या पालकांचीही हीच गत होते. मंडळाला लागतं ते प्राधिकृत सरकारी किंवा महापालिका रुग्णालयाचं प्रमाणपत्र. तुमच्या भागातून सायनचं लोकमान्य टिळक रुग्णालय त्यातल्या त्यात सोयीचं. अध्ययन अक्षमतेच्या (डिस्लेक्सिया हा तिचाच एक प्रकार) तपासणीचं काम तिथे जुनं आहे.

मुख्याध्यापिकांचा मूळ हेतू चांगला आहे. पालकांचे हेलपाटे वाचावेत, एवढंच त्यांना हवंय, आणि ते तुम्ही खरंच वाचवू शकता. रुग्णालयात एका भेटीत काम होत नाही. डोळे, कान, बुद्ध्यंक, शैक्षणिक चाचणी, डॉक्टरांची तपासणी अशा वेगवेगळ्या तारखा मिळतात, आणि पहिली तारीख मिळायलाच काही महिने लागू शकतात. रोजंदारीवर असलेल्या आईबापांचा दर भेटीला एक खाडा होतो. कागद अपुरे असले की आणखी एक. म्हणून शाळेचं पत्र, मागच्या दोन वर्षांची प्रगतिपत्रकं, मुलाच्या हस्ताक्षरातल्या मूळ वह्या, शिक्षकांची निरीक्षणं आणि तुमचा चाळणी-अहवाल अशी फाइल तयार करून द्या. वह्यांच्या झेरॉक्स देऊ नका. खोडाखोड, पेन्सिलीचा दाब, गाळलेल्या ओळी मूळ पानावरच दिसतात. ही फाइल आठवीत रुग्णालयात गेली पाहिजे. नववीच्या दिवाळीनंतर सुरू केलं तर मंडळाला प्रस्ताव पाठवताना धावपळ ठरलेली.

आता वेळेचा हिशेब मांडू. शिक्षणहक्क कायद्यानुसार वर्षाला पहिली ते पाचवीसाठी किमान २००, सहावी ते आठवीसाठी किमान २२० दिवस शाळा भरते. परीक्षा, क्रीडादिन, स्नेहसंमेलन, सहली वजा करा. निवांत बसून बोलता येईल असे १६० च्या आसपास दिवस धरा. दिवसाला चार बैठका नीट होतात, त्याहून जास्त घेतल्या की नोंदी राहून जातात. म्हणजे वर्षभरात ६४० बैठका. शंभरातल्या फक्त सहा मुलांना मदत लागेल असं समजा. ती होतात ९६ मुलं. प्रत्येकाला सहा बैठका आणि पालकांच्या दोन, की झाल्या ७६८. सहा टक्क्यांतच गणित कोलमडलं, आणि अजून मूल्यशिक्षण आणि प्रॉक्सी धरलेच नाहीत.

म्हणून एकेका मुलाला खोलीत बोलावणं हा तुमच्या कामाचा सगळ्यात लहान भाग ठेवावा लागतो. त्याच्याआधी सहा-आठ मुलांचे गट, आणि त्याच्याही आधी अख्खा वर्ग. शाळेत मानसशास्त्रज्ञ टिकतो की वर्षभरात थकून निघून जातो, हे आमच्या मते इथेच ठरतं. मूल्यशिक्षणाचे तास म्हणूनच पूर्ण नाकारू नका, ते तुमचं वर्गात शिरण्याचं दार आहे. १२ चे सहा करून घ्या आणि एकेका तुकडीला सलग सहा आठवडे द्या. ३० आठवड्यांत पाच फेऱ्या होतात, म्हणजे ३० तुकड्या. चाळीसच्या तुकडीने धरलं तर शाळेत ४० तुकड्या असतील, दहा सुटतील. तिसरी, पाचवी, आठवी, नववी आधी घ्या. तिसरीत वाचनाची अडचण उघडी पडते. पाचवीत विषय आणि शिक्षक वाढतात. आठवी-नववीत मैत्री, मोबाइल, शरीर, मार्क सगळं एकदम अंगावर येतं. पहिलीचा वर्ग तुम्ही घेण्यापेक्षा पहिलीच्या बाईंबरोबर बसलात तर जास्त उपयोग होईल.

प्रॉक्सीचं तसं नाही. काल ज्या बाईंनी ४५ मुलांना आवाज चढवून गप्प बसवलं, त्यांच्यासमोर आज त्यातलाच एक मुलगा घरातली मारहाण सांगणार नाही. शिवाय प्रॉक्सी आयत्या वेळी येते, त्यामुळे ठरलेली बैठक मोडते. अशी दोनदा मोडली की मूल तिसऱ्यांदा येत नाही. आठवड्याला फार तर दोन, आणि बैठकीच्या वेळेत एकही नाही, असं ठरवून घ्या. दोन सत्रांचाही प्रश्न आहे. १० ते ४ अशी वेळ दिली तर सकाळची मुलं दमलेली भेटतात आणि दुपारच्यांचे शेवटचे तास कधीच दिसत नाहीत. एक आठवडा सकाळ, एक आठवडा दुपार असं आलटून पालटून मागा.

रुजू झाल्यावर पहिला महिना मुलं बोलावू नका. हजेरीपट घेऊन बसा. सलग गैरहजर राहणारी, ठरावीक वारी न येणारी, मधल्या सुट्टीनंतर गायब होणारी मुलं तिथे आधी दिसतात. सोमवारी न येणारं मूल आणि चाचणीच्या दिवशी न येणारं मूल यांची कारणं वेगळी निघतात. मग प्रत्येक वर्गात एक पूर्ण तास मागे बसून पाहा.

शिक्षकांकडून मुलं येतील ती अर्ध्या पानाच्या चिठ्ठीवर घ्या. नाव, तुकडी, काय दिसलं, किती वेळा, कोणत्या तासाला, शिक्षकांनी आधी काय करून पाहिलं, एवढंच. 'आगाऊ आहे', 'लक्ष नाही', 'घरचे बघत नाहीत' असं लिहून आलं तर चिठ्ठी न रागावता परत न्या आणि शेजारी बसून भरा. 'गणिताच्या तासाला पहिल्या दहा मिनिटांत चार वेळा जागेवरून उठला, चित्रकलेला एकदाही नाही' असं लिहिलं गेलं की अर्धं काम झालं. हा मुलगा सगळीकडे चंचल नाही, गणितात कुठेतरी अडलाय, हे त्या एका ओळीतच आलं. एडीएचडीसाठी, म्हणजे अतिचंचलपणा आणि लक्ष न टिकण्याच्या विकारासाठी, लक्षणं किमान दोन ठिकाणी, सहा महिने आणि वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून दिसावी लागतात. ही माहिती शिक्षकखोलीत सगळ्यांना असेल तर निम्म्या चिठ्ठ्या लिहिल्याच जाणार नाहीत. आणखी एक, "गप्प बस, नाहीतर मॅडमकडे पाठवीन" ही धमकी पहिल्याच आठवड्यात मुख्याध्यापिकांकरवी बंद करा. तुमची खोली शिक्षेची जागा झाली की ती परत सुधारायला वर्ष जातं.

वाचनाच्या अडचणीचं जरा सविस्तर सांगतो, कारण तुमच्या भागात चूक नेमकी इथे होते. तिसरीतला मुलगा 'भ' आणि 'म', 'घ' आणि 'ध', 'ष' आणि 'प' यांत गोंधळतो. 'प्रकाश' ला 'पकाश' वाचतो. वेलांटी गाळतो, फळ्यावरून उतरवताना ओळ चुकतो. हे सगळं डिस्लेक्सियात दिसतं. पण घरी भोजपुरी किंवा दखनी बोलणारं, दुसरीत गावाहून येऊन मराठी माध्यमात बसलेलं मूलही नेमक्या याच चुका करतं. चष्म्याचा नंबर असलेलं मूल करतं, कान वाहणारं मूल करतं. म्हणून आधी डोळे आणि कान तपासून घ्या, शाळा आणि माध्यम किती वेळा बदललं ते दाखल्यावरून बघा आणि घरची भाषा विचारा. मग मागच्या इयत्तेच्या पुस्तकातला उतारा एक मिनिट वाचायला द्या, बरोबर वाचलेले शब्द मोजा. दहा शब्दांचं श्रुतलेखन घ्या. तोच मजकूर तुम्ही वाचून दाखवा आणि प्रश्न विचारा. ऐकून सगळं समजतं पण वाचून समजत नाही, अशी मोठी तफावत असेल तर संशयाला जागा आहे. ऐकूनही समजत नसेल तर आधी भाषा शिकवायला हवी.

त्यानंतर आठवड्यातले चार दिवस, रोज अर्धा तास, पाच-सहा मुलांचा गट करून वाचन घ्या. सहा महिने नेटाने. ज्यांची गाडी पुढे सरकते त्यांना प्रमाणपत्राची गरज नाही. सरकत नाही त्यांची फाइल तयार करा. प्रमाणपत्र आठ वर्षांच्या आत सहसा देत नाहीत, त्यामुळे या सहा महिन्यांनी मुलाचं नुकसान होत नाही. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने डिस्लेक्सियाच्या तपासणीसाठी तयार केलेल्या 'डाली' या संचात मराठीतल्या चाचण्या आहेत. पहिली-दुसरी आणि तिसरी ते पाचवी असे शिक्षकांनी भरायचे चाळणीचे भागही त्यात आहेत. ते शाळेला घ्यायला लावा. बुद्ध्यंक चाचण्यांच्या झेरॉक्स फॉर्मपासून मात्र लांब राहा. बिने-कामत चाचणीची शेवटची आवृत्ती १९६७ ची आहे, तिचे निकष आजच्या मुलांना लावताना अनुभवी माणसालाही जपून बोलावं लागतं. भाषेवर आधारलेली चाचणी घरच्या भाषेत झाली नाही तर आकडा खाली येतो, थोड्या दिवसांत तीच पुन्हा घेतली तर वर जातो. आणि तो आकडा एकदा प्रगतिपुस्तकाला चिकटला की दहावीपर्यंत सुटत नाही.

आता गोपनीयता. पहिल्याच बैठकीत मुलाला त्याला कळेल अशा शब्दांत सांगा : "तू सांगशील ते माझ्याकडे राहील. पण कुणी तुला इजा करत असेल, तू स्वतःला इजा करणार असशील किंवा दुसऱ्या कुणाला करणार असशील, तर मला मोठ्यांची मदत घ्यावी लागेल, आणि ती घेण्याआधी मी तुला सांगीन." हे नंतर सांगितलं तर तो विश्वासघात ठरतो.

लैंगिक अत्याचाराचं काही कळलं तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना किंवा विशेष बालपोलीस पथकाला कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. नुसता संशय असला तरी. मुख्याध्यापिकांना सांगा, पण त्यांच्या परवानगीची गरज नाही. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत. मुलाने वापरलेले शब्द जसेच्या तसे तारीख-वेळ घालून लिहा. 'आधी शाळेत चौकशी करू' म्हणून मुलाला चार जणांसमोर तेच पुन्हा सांगायला लावणं हा या प्रकरणांतला सगळ्यात मोठा घात. मुलाची दमछाक होते आणि जबाबातले तपशील बदलत गेल्यामुळे खटलाही कमकुवत होतो. २०२२ च्या शासन निर्णयाप्रमाणे शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असायला हवी. ती कागदावरच आहे का, तिची शेवटची बैठक कधी झाली, ते पहिल्या महिन्यात बघून घ्या. १०९८ हा बालकांसाठीचा क्रमांक प्रत्येक मजल्यावर लावा.

मूल मरण्याची भाषा करत असेल तर सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्या मुलाला एकटं सोडू नका, शाळा सुटली म्हणून घरी पाठवू नका. पालक येऊन प्रत्यक्ष ताब्यात घेईपर्यंत थांबा. घरातली औषधं आणि फिनेल कुलपात ठेवायला, गच्चीचं दार बंद ठेवायला त्यांना सांगा. रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात त्याच दिवशी पाठवा आणि दुसऱ्या दिवशी स्वतः फोन करा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक रात्रीही चालतो, तो पालकांच्या फोनमध्ये तुमच्यासमोर सेव्ह करून द्या.

खोलीबद्दल थोडक्यात. पर्यवेक्षकांच्या केबिनशेजारची नको, शिक्षकखोलीतला कोपरा तर नकोच. दाराला काच हवी, म्हणजे आत कोण आहे ते दिसेल पण बोलणं ऐकू जाणार नाही. कुलपाचं लोखंडी कपाट हवं आणि त्याची किल्ली तुमच्याकडे हवी. तुमच्या नोंदी वेगळ्या, शाळेला द्यायचा सारांश वेगळा. मुलाचं नाव घालून व्हॉट्सअॅपवर काहीही लिहू नका.

बाबांच्या काळजीला उत्तर द्यायला हवं. त्यांचं अर्धं बरोबर आहे. अनुदानित शाळांच्या संचमान्यतेत, म्हणजे सरकारने मंजूर केलेल्या पदांत, समुपदेशकाचं पद सहसा नसतं, पगार संस्था स्वतःच्या निधीतून देते, म्हणून करार वर्षाचा आणि रक्कम ठोक असते. तो पगार १२ महिन्यांचा की १० महिन्यांचा, मे महिन्याचा मिळणार की नाही, भविष्यनिर्वाह निधी कापणार का, हे विचाराच. वरिष्ठ मानसशास्त्रज्ञाकडून पंधरा दिवसांतून एक तास मार्गदर्शन घेण्याचा खर्च शाळेने द्यावा, असंही मागा. एकट्याने असं काम करणाऱ्याचा तोल कधी जातो, हे त्याचं त्याला समजत नाही.

पण वाव नाही हे आता खरं राहिलेलं नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायचा आहे. सीबीएसईच्या संलग्नता नियमांतही समुपदेशकाची अट आहे. पदं वाढतील आणि ती भरताना शाळेतला अनुभव मोजला जाईल.

क्लिनिकलचा रस्ता दोन वर्षांनीही खुला आहे, मात्र त्याची आखणी बदलते आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये एम.फिल. (क्लिनिकलला जाण्याचा नेहमीचा रस्ता) बंद केलं, क्लिनिकल सायकॉलॉजीला काही काळ सवलत मिळाली, आणि नवे अभ्यासक्रम त्याची जागा घेत आहेत. कुठल्याही संस्थेत फी भरण्याआधी त्या वर्षासाठी, त्या अभ्यासक्रमाला आरसीआयची मान्यता आहे का, हे आरसीआयच्याच यादीत बघा. संस्थेचं माहितीपत्रक पुरेसं नाही. शाळेतच राहायचं ठरलं तर अध्ययन अक्षमतेतलं विशेष बी.एड. हा दुसरा पर्याय. त्यालाही आरसीआयची नोंदणी मिळते, आणि वाचनाच्या गटांचं काम तुम्ही स्वतः शास्त्रशुद्ध करू शकता.

होकार ईमेलने कळवा, तोंडी नको. मजकूर असा ठेवा : "मी रुजू होण्यास तयार आहे. आठवड्याला वर्गातले सहा तास आणि जास्तीत जास्त दोन प्रॉक्सी घेईन. अध्ययन अक्षमतेची चाळणी करून रुग्णालयासाठी फाइल तयार करून देईन. निदानाचे रिपोर्ट किंवा प्रमाणपत्र देणं माझ्या पात्रतेत बसत नाही. स्वतंत्र खोली आणि कुलपाचं कपाट लागेल. नियुक्तिपत्रात या बाबी याव्यात, ही विनंती." सहा तासांचे आठ झाले, दोन प्रॉक्सींच्या तीन झाल्या तरी रुजू व्हा. रिपोर्टच्या सहीचा आग्रह सोडायला शाळा तयार नसेल तर ही जागा सोडा आणि चेंबूर ते मुलुंड पट्ट्यातल्या दुसऱ्या शाळांकडे अर्ज करा.